पाहुणी म्हणून गेली, विद्यार्थिनी म्हणून राहिली

वेळणेश्वर

माझी सगळी नोकरी रत्नागिरीच्या दुय्यम निबंधक कचेरीत गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं. मेलेल्या माणसाच्या जागी दुसराच उभा करून अंगठा उठवणारे मी पाहिले, आणि सख्ख्या भावाला 'मी यांना ओळखत नाही' म्हणणारेही पाहिले. निवृत्त झाले तरी कुणी बोलायला लागला की माझं लक्ष त्याच्या तोंडापेक्षा हातांकडे जातं. घरात याला 'आत्याचा आजार' म्हणतात.

त्या आजारामुळेच मी थायलंडला गेले. हौस म्हणून गेले असते तर हे लिहायला बसले नसते.

माझा धाकटा भाऊ श्रीधर वेळणेश्वरला असतो. त्याची हापूसची कलमं आहेत. त्याची मुलगी मुक्ता शेतकीची पदवी घेऊन घरी आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता बागेत लक्ष घालेल. तिनं घातलंही, पण प्रश्न विचारून भावाला हैराण केलं. आंबा अढीत घातल्यावर निम्मा का डागतो, बोटीनं पाठवला तर किती टिकेल, तिकडचे लोक टिकवतात मग आपल्याला का जमत नाही. शेवटी तिनं स्वतःच थायलंडमधलं एक कॉलेज शोधलं. वर्षभराचा कोर्स, फळं काढल्यानंतरची निगा शिकवणारा. प्रवेश मिळाला, पण कळवायला त्यांनी उशीर केला. विद्यार्थी व्हिसा काढायला वेळ उरला नाही.

तेव्हा चिपळूणचा एक एजंट मध्ये आला. बाजारपेठेत जिन्यावर त्याचं ऑफिस. भिंतीवर विमानं, टेबलावर गणपती. तो म्हणाला, "टुरिस्ट व्हिसावर पाठवा. तिकडे गेल्यावर तिथल्या तिथे स्टुडंट करून मिळतो. आमचा माणूस आहे बँकॉकला. सगळे असंच करतात."

'सगळे असंच करतात' हे वाक्य मी कचेरीत प्रत्येक खोट्या खतामागे ऐकलेलं.

"पाहुणी म्हणून लग्नाला जायचं आणि बोहल्यावर चढायचं, असं झालं हे," मी म्हटलं.

मुक्ता चिडली. "आत्या, कायद्यात बसतं ते. मी वाचलंय."

"बसत असेल. हा माणूस बसतो का कायद्यात, ते बघायचंय."

नोकरी लावतो म्हणून मुलांना परदेशी नेतात, पासपोर्ट काढून घेतात, सीमेपलीकडे कुठल्या तरी आवारात कोंडून फोनवरून लोकांना फसवायला बसवतात, या बातम्या आम्ही सगळ्यांनीच वाचल्या होत्या.  ऐन हंगाम, बाग सोडून भावाला हलता येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तू जातेस बरोबर?"

मी आयुष्यात गोव्याच्या पलीकडे गेलेली नव्हते. पण हो म्हटलं.

बँकॉक

विमानतळावर एजंटाचा माणूस पाटी घेऊन उभा होता. विनायक. पस्तिशीचा, गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. मला बघून खाली वाकला. "मावशी, मी खेडचा हो. दमलात काय? चला, आधी च्या घेऊ."

तो 'हो' इतका आमच्याकडचा होता, त्यातला हेल इतका ओळखीचा, की परक्या देशात मी क्षणभर निर्धास्त झाले. आणि लगेच, इतक्या लवकर निर्धास्त का झाले म्हणून जास्तच सावध झाले.

गाडीत त्यानं कोकमाचं सरबत दिलं. खेडच्या गोष्टी सांगितल्या. मी विचारलं, "घर कुठलं तुमचं?" तर म्हणाला, "जुनं घर पडलं हो, आता कोणी नसतं तिथे." तुम्ही कोणाचे, असं विचारलं तर बोलणं ट्रॅफिकवर नेलं. लॉजवर पोचल्यावर हात पुढे केला. "पासपोर्ट द्या दोघींचे. खाली नोंद करायची आहे, मी करून आणतो."

"मी येते ना नोंद करायला."

"कशाला जिने चढउतार करता, मावशी?"

"लिफ्ट आहे," मी म्हटलं.

तो हसला. मीही हसले. मुक्तानं कपाळावर हात मारला. नोंद मी स्वतः केली आणि त्या क्षणापासून दोन्ही पासपोर्ट माझ्या खांद्याच्या पिशवीत गेले. झोपतानाही पिशवी उशाशी. विनायकनं मुक्ताच्या फोनवरून पासपोर्टाचे फोटो तेवढे मागून घेतले आणि म्हणाला, "अर्ज टाकतो. कळवतो. तोवर फिरा."

आम्ही फिरलो. खोटं कशाला सांगू, शहर सुरेख आहे. माणसं हात जोडून नमस्कार करतात, अगदी आपल्यासारखा, फक्त मान जास्त झुकवतात. दुकानदार हसतो, रिक्षावाला हसतो, रस्ता चुकला तरी समोरचा हसतो. मला या हसण्याचा अर्थ लागेना. आमच्या कोकणात माणूस कारणाशिवाय हसला तर आपण मागे वळून बघतो, पाठीला काही चिकटलंय का.

बाजारात मात्र एका गल्लीत मी थबकले. सुक्या कोळंबीचा, मासळीचा, जवळ्याचा वास. डोळे मिटले असते तर रत्नागिरीच्या मासळीबाजारातच होते मी. मुक्ता म्हणाली, "बघ, वास तरी ओळखीचा निघाला."

"वासावर कोण संशय घेतंय," मी म्हटलं.

चाचेगाव

कॉलेज बँकॉकच्या पूर्वेला, नदीकाठच्या एका गावाजवळ होतं. गावाचं खरं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. मुक्तानं त्याचं 'चाचेगाव' केलं. चाच्यांचं गाव म्हणून मला ते शोभेसं वाटलं.

प्रदेश वेळणेश्वरच्या अगदी उलटा. आमच्याकडे कातळ, चढ, जांभ्याची लाल धूळ. तिथे जमीन परातीसारखी सपाट, काळी, चिकट. पाणी इतकं की बागेत चर खणून त्यात सोडलेलं, आणि मधल्या उंच वरंब्यांवर आंब्याची बुटकी झाडं. मुलंसुद्धा हातानं फळ काढतील इतकी बुटकी. आमच्या गड्यांना जाळी लावलेल्या काठीचा झेला घेऊन शेंड्यापर्यंत चढावं लागतं, ते आठवून मला हसू आलं. आणि प्रत्येक फळाला कागदाची पिशवी. अख्खं झाड पिशव्यांनी लगडलेलं. फळ दिसतच नव्हतं. आत काय आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

मुक्ताच्या बाईंचं नाव मालाई. तिकडे शिक्षकाला 'आजान' म्हणतात. ते आपल्या 'आचार्य'वरून आलंय, असं मुक्तानं सांगितलं. आजान मालाई माझ्याच वयाच्या, बारीक, केस कापलेल्या, इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी हसून नमस्कार केला आणि प्रश्न सुरू केले.

"तुम्ही हिच्या कोण?"

"वडिलांची बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

"हिचं लग्न ठरलंय का?"

मी ताठ झाले. "शिकायला आली आहे ती."

"वडील का नाही आले?"

"आंब्याचा हंगाम आहे. तुम्हाला तरी कळायला हवं."

त्या पुन्हा हसल्या. मग माझ्या पासपोर्टाचा फोटो मागितला. मुक्ताचा नव्हे, माझा. का, विचारलं, तर म्हणाल्या, "असू द्यावा." मग मुक्ताला एकटीला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर. आतून शब्द ऐकू येईना. दार उघडून मुक्ता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"काय विचारलं?"

"बाबांचा नंबर घेतला. घरी सगळं ठीक आहे का विचारलं. आणि तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"तू नेहमी अशीच असतेस का, म्हणून."

आमची राहायची सोय आजाननी आपल्या बहिणीच्या घरी केली होती. नदीला लागून, खांबांवर उभं लाकडी घर. चपला बाहेर काढायच्या, हे मला आवडलं. पण खोलीत गेल्यावर मी आधी दाराची कडी पाहिली. आतूनही होती, बाहेरूनही होती. बाहेरची कशाला? बहिणीनं हातवारे करून सांगितलं, माकडं येतात. मी अंगणात माकड शोधलं. दिसलं नाही.

जेवायला आंबा आणि चिकट भात होता, नारळाच्या रसात शिजवलेला, वर खारट साय. आंबा लांबट, फिका पिवळा. आपल्या नारळीभाताची धाकटी बहीण म्हणावी अशी चव. मला तो आवडला हे मी कुणाला कळू दिलं नाही. मुक्तानं विचारलं, "हापूसपेक्षा कसा?" मी म्हटलं, "रेषा नाहीत, डाग नाही, वास नाही. शाळेच्या युनिफॉर्मातला मुलगा." ती हसली. प्रवासात पहिल्यांदाच.

गावातल्या मोठ्या बुद्धमंदिरात नवस फेडायला लोक उकडलेली अंडी घेऊन येतात. ढीगच्या ढीग. आमच्या वेळणेश्वराच्या गाभाऱ्यात नारळ घेऊन उभी राहणारी बाई, इथे अंड्यांची परात घेऊन त्याच चेहऱ्यानं उभी होती. तिथे मीही हात जोडले. काय मागितलं ते सांगायला नको.

दोन वाटा

विनायकचा फोन आला तेव्हा आम्ही नदीवर होतो.

"मावशी, इथनं व्हिसा बदलत नाही हो आता. नियम फिरला. मुक्ताला सीमेबाहेर जाऊन परत आत यायला लागेल, स्टुडंट म्हणून. आमची व्हॅन आहे, आणखी मुलं आहेत. तुमच्या गावावरनंच जात्ये. फक्त पासपोर्ट आणि ती. तुम्ही दगदग करू नका."

"अर्ज टाकला होतात ना तुम्ही?"

"टाकलेला हो. तोच परत आला."

मुक्तानं आजानना विचारलं. त्या म्हणाल्या, इथेच होतं, बाहेर जायची गरज नाही, पण कॉलेजचं पत्र लागतं. मग पत्र द्या, मुक्ता म्हणाली. तर त्या म्हणाल्या, "थोडं थांब."

आता बघा. एक म्हणतो चला, लगेच चला. दुसरी म्हणते थांबा. दोघांनाही माझी भाची हवी. पहिला आमच्या बोलीतला, दुसरी परकी, दार लावून बोलणारी, बाहेरून कडी असलेल्या घरात ठेवणारी. मुदत रोज कमी होत होती. पर्यटक म्हणून राहायचे पुरेसे दिवस हातात असतील तरच अर्ज घेतात, हे मुक्ताला वाचून ठाऊक होतं.

मुक्ता रडवेली झाली. "आत्या, कुणावर तरी विश्वास ठेवायलाच लागेल ना?"

"लागेल. पण आधी तिसऱ्याला विचारू."

कचेरीत मी लोकांना हेच सांगायची. विकणाऱ्याचं ऐकू नका, घेणाऱ्याचं ऐकू नका, दप्तरात जाऊन बघा. आम्ही कुणालाही न सांगता उठलो आणि गावातल्या इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो. टोकन घेतलं, बसलो. कचेरी म्हटल्यावर मला बरं वाटलं. तोच पंखा, तेच शिक्के, तीच आपल्या नंबराकडे बघणारी माणसं. खिडकीत गणवेशातली एक तरुण अधिकारी होती. मुक्तानं इंग्रजीत विचारलं. तिनं पासपोर्ट यंत्राखाली धरला, पडद्याकडे पाहिलं.

"हिच्या नावानं कुठलाच अर्ज आलेला नाही."

"परत गेलेला?"

"आलाच नाही तर परत कसा जाईल?" मग म्हणाली, "टुरिस्टचा स्टुडंट इथेच होतो. कॉलेजचं मूळ पत्र आणा, मुलीनं स्वतः यायचं, दिवस शिल्लक आहेत तोवर. देश सोडायची गरज नाही." आणि आवाज खाली करून तिनं विचारलं, "बाहेर जायला तुम्हाला कोण सांगतंय?"

मुक्तानं पासपोर्ट परत घेतला आणि माझ्याकडे दिला. मी तो पिशवीत टाकला.

बाहेर आलो तर पायऱ्यांशी आजान मालाई उभ्या. त्या आमच्या मागे आल्या होत्या.

माझा तोल गेला. "तुम्ही आमच्यावर पाळत ठेवता?" मी मराठीतच ओरडले. मुक्तानं इंग्रजी केलं.

"हो," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "मला वाटलं, तुम्ही हिला घेऊन निघालात."

"मी?"

"मागे एक मुलगी आली होती. तुमच्याच देशातली. बरोबर एक बाई, मावशी म्हणून. वर्गात थोडे दिवस आली आणि एका व्हॅनमधून गेली. पुन्हा आली नाही. मी पत्र दिलं होतं तिला, लगेच. माझ्या सहीचं." "तुम्ही आलात तेव्हा मुलीचा पासपोर्ट तुमच्या पिशवीत होता. तिला काही विचारलं की उत्तर तुम्ही देत होता. तिला तुम्ही एक मिनिट एकटी सोडत नव्हता. मुली नेणारी माणसं असंच करतात, मॅडम."

माझी पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि दोन्ही पासपोर्ट तिच्यातच होते.

"म्हणून बाबांचा नंबर घेतलात?" मुक्तानं विचारलं.

"काल फोन केला त्यांना. इंग्रजी कमी, माझंही त्यांचंही. फोटो पाठवला मी मॅडमचा. त्यांनी उत्तर पाठवलं, 'माय सिस्टर. व्हेरी स्ट्रिक्ट.' तरी वाटलं, ते वडीलच आहेत कशावरून?"

हे ऐकून मला त्या बाईबद्दल जे वाटलं, त्याला आपुलकीच म्हणायला हवं. वडील कशावरून! आमच्या कचेरीत अशी एक बाई असती तर मला एकटीला एवढी वर्षं वाईटपणा घ्यावा लागला नसता.

तिथेच पायरीवर मी मुक्ताचा पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं.

व्हॅन

विनायकला फोनवरच 'नाही' कळवून टाकू, असं मुक्ता म्हणत होती. पण व्हॅनमध्ये 'आणखी मुलं' होती ना. ठरल्या सकाळी बाजाराच्या नाक्यावर मी, मुक्ता आणि आजान उभ्या राहिलो. व्हॅन आली. विनायक उतरला, तोच इस्त्रीचा शर्ट.

"चला मावशी, बसवा पोरीला. उशीर होतोय."

"अर्ज टाकलाच नव्हतात."

"कोण म्हणतं?"

"कचेरी म्हणते."

"तिकडल्या माणसांचं ऐकता, आपल्या माणसावर विश्वास नाही?"

"आपला आहात म्हणूनच विचारत्ये. खेडात घर कुठल्या वाडीत?"

तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. आजाननी फोन वर करून गाडीच्या नंबराचा फोटो घेतला, उघड, त्याच्या देखत. तो ड्रायव्हरला थाई भाषेत काहीतरी म्हणाला.

आत दोघं बसले होते. एक कानात वायरी घालून झोपलेला. दुसरा तिशीचा, सांगलीकडचा, धनंजय नावाचा. हॉटेलचा कोर्स करायला आलोय, म्हणाला. मी खिडकीशी जाऊन भराभरा सांगितलं. अर्ज खोटा, बाहेर जायची गरज नाही, उतरा.

त्यानं ऐकून घेतलं. "काकू, तुमची भाची परत गेली तर घर आहे. मी सगळ्या गावाला सांगून आलोय. आता मागं कुठल्या तोंडानं जाऊ?"

"पासपोर्ट कुठाय तुमचा?"

त्यानं विनायककडे पाहिलं. तेवढ्यात दार सरकलं. गाडी गेली.

मुक्तानं तिथूनच आपल्या दूतावासात फोन लावला. धनंजय, सांगलीकडचा, व्हॅनचा नंबर, कुठल्या दिशेनं गेली. पलीकडच्या माणसानं पुन्हा पुन्हा विचारून सगळं लिहून घेतलं आणि बघतो म्हणाला. आजान इमिग्रेशनच्या कचेरीत गेल्या आणि त्या खिडकीतल्या मुलीला फोटो देऊन आल्या. चिपळूणला भावानं फोन केला, तर एजंट म्हणाला, विनायक आमचा माणूसच नाही. भाऊ पोलिसांत तक्रार देऊन आला. पुढे काय झालं म्हणाल, तर चौकशी चालू आहे, एवढंच कळतं.

मुक्ताचा व्हिसा झाला. पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा ती माझ्याकडे न देता तो उलटसुलट करून स्वतः वाचत राहिली, नाव, तारीख, स्पेलिंग. मी निघायच्या आदल्या दिवशी अंगणात खरंच माकडं आली. आंब्याच्या टोपलीवर. मी आणि आजानच्या बहिणीनं मिळून हाकलली.

विमानतळावर आजान म्हणाल्या, "मी लक्ष ठेवीन."

"हिच्यावर?"

"सगळ्यांवर."

रत्नागिरी

परतल्यावर बरेच दिवस धनंजयचं काही कळलं नाही. दूतावासाला मुक्ता मेल पाठवायची, उत्तर यायचं, चौकशी चालू आहे. जेवताना मला त्या खिडकीतला चेहरा दिसायचा. हात धरून ओढायला हवा होता का? पण परक्या देशात, भर रस्त्यात, मी कोणाला काय ओढणार होते?

पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, घाटावरचा.

"दूतावासातनं नंबर मिळाला. तुम्हीच का त्या, रत्नागिरीच्या? धनंजयच्या नावाची तक्रार तुम्ही केली?"

मी हो म्हटलं. ती त्याची बायको होती. सीमेजवळच्या तपासणीत व्हॅन अडवली होती. त्याच्याजवळ कसलाच कागद नव्हता, म्हणून तिथे बराच काळ अडकून पडला आणि मग त्याला परत पाठवलं. काल घरी आला. बोलत नाही, जेवत नाही, नुसता झोपतोय.

मी 'देव पावला' म्हणणार, तोच तिनं विचारलं, "पण तुम्ही कोण आमच्या? तुम्हाला त्याचं नाव कुणी दिलं? तुमचा यात काय फायदा?"

मुक्ता म्हणते, मला राग यायला हवा होता. मला तर त्या बाईचा आवाज ऐकून हायसं वाटलं. मी खुर्ची ओढून बसले.

"काही फायदा नाही," मी म्हटलं. "पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्या भाचीचा नंबर देते, तिला विचारा. तिच्या कॉलेजच्या बाईंचा देते, त्यांनाही विचारा. आणि तिघींचं जुळलं तरच माझ्यावर विश्वास ठेवा."

ती म्हणाली, "थांबा, पेन घेते. सांगा."